समुद्रतळावरची माझी टेकडी

मी एकदा समुद्राच्या तळाशी टेकडी उभी केली होती. समुद्र डायनासोरांच्या काळातला, टेकडी मात्र अगदी माझी. ती अकरा वर्षं टिकली. माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधात तिचा रंगीत नकाशा आहे, एका शोधनिबंधात ती सरांच्या आणि माझ्या नावानं छापलेली आहे, आणि सरांच्या पुस्तकात तर तिला अख्खं सहावं प्रकरण मिळणार होतं. अडचण एवढीच की ती टेकडी कधी नव्हतीच. ती कशी उभी राहिली आणि कुणासमोर पाडावी लागली, ते सांगतो.

नाशकात राहून समुद्राचा अभ्यास करणं हाच मुळात विनोद आहे. पांडवलेण्यापासून ब्रह्मगिरीपर्यंत जिकडे पाहावं तिकडे काळा कातळ, म्हणजे थिजलेला लाव्हा. त्यात शिंपला नाही की मासा नाही. कॉलेजात मी भूशास्त्र शिकवायचो आणि समुद्राचा दगड दाखवायची वेळ आली की वर्गाला व्हरांड्यातल्या शहाबादी फरशीवर उभं करायचो. “तुम्ही आत्ता एका जुन्या समुद्राच्या तळावर उभे आहात,” असं म्हटलं की एखादा तरी विचारायचाच, “सर, चपला काढू का?”

खरा समुद्र उत्तरेला होता. आग्रा रोडनं पिंपळगाव, मालेगाव, धुळं मागे टाकून सेंधव्याचा घाट ओलांडला की नर्मदेचं खोरं लागतं. तिथं नाल्यांनी जमीन कापलीय आणि काठाच्या कड्यांत थरावर थर असा तो समुद्र उघडा पडलाय. सरांनी आयुष्य त्या एका समुद्रावर काढलं. सर म्हणजे माझे मार्गदर्शक आणि आमच्याच विभागाचे प्रमुख. मला ते ‘राजे’ म्हणायचे. त्यात आदर किती आणि कीव किती, हे मी कधी विचारलं नाही.

पाणी किती खोल होतं हे दगडावरून वाचायची सरांची स्वतःची पट्टी होती. पुस्तकांत मीटर असायचे, सरांकडे माणूस होता. वाळूच्या दगडावर दोन्ही बाजूंनी सारख्या उताराच्या बारीक लाटा उमटलेल्या दिसल्या की ते म्हणायचे, “घोट्याएवढं.” कालवांच्या जाड शिंपल्यांचा पट्टा आला की, “कमरेएवढं.” मग चिखलाचा मऊ दगड, त्यात कुठल्या तरी जिवांनी केलेली बोटाएवढी बिळं, “गळ्याएवढं.” आणि सगळ्यात शेवटी गाठीगाठींची पांढरट चुनखडी. तिच्यात लाटेची खूण नाही, वाळूचा कण नाही, सगळं निवांत साचलेलं. तिथं सर हात डोक्याच्या वर नेऊन म्हणायचे, “इथं राजे बुडाले.”

खोऱ्यात कुठल्याही कड्यापाशी जा, खालून वर क्रम हाच. घोटा, कंबर, गळा, बुडाले. म्हणजे समुद्र जमिनीवर चढत आला. थरांना नंबरही खालूनच द्यायचा, कारण जो खाली तो आधी साचला. सगळ्यात खालचा एक नंबर. हे इतकं उघड असतं की कुणी लिहून ठेवत नाही. घर पायापासून बांधलं, असं कुणी लिहितं का?

माझ्या वडिलांना हा सगळा प्रकार अगम्य होता. मखमलाबादच्या बाजूला आमचा मळा. वडील झेंडू, शेवंती आणि थोडा गुलाब लावायचे. मी गोण्या भरभरून दगड घरी आणायला लागलो तेव्हा ते म्हणाले, “आम्ही वावरातले दगड येचून बांधाला टाकायचे, आन तू पगार घिऊन तेच घरात आनायचे. लय भारी काम हाय तुझं.”

पण माझ्या पिशव्या तेच शिवायचे. प्रत्येक थराचा नमुना वेगळ्या पिशवीत ठेवावा लागतो. वडील मांजरपाट आणायचे, दाभणानं पिशव्या शिवायचे आणि त्यांवर लाल ऑइलपेंटनं नंबर घालायचे. डबा तोच, ज्यानं ते फुलबाजारात जाणाऱ्या पाट्यांवर खुणा करायचे, पाट्या घरी परत याव्यात म्हणून. बारा पिशव्यांचा एक गठ्ठा, एक नंबर सगळ्यात वर, सुतळीनं बांधलेला. त्यांच्या साताला गाईच्या शेपटीसारखी लांब शेपटी असायची. मी एकदा म्हटलं, “बाबा, सात जरा आखूड काढा.” तर म्हणाले, “दगडाला काय घाई हाय?”

ते गेले फेब्रुवारीत, सकाळी, फुलांची पाटी उचलताना. मी कॉलेजात स्फटिकांचे प्रकार शिकवत होतो. शिपाई दाराशी आला, कानात सांगितलं. मी म्हणालो, “एवढा तास संपवून येतो.” आणि खरोखर संपवला. सतरा मिनिटं उरली होती.

पुढचे दिवस मला काही वाटलं नाही. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही, तक्रार म्हणूनही नाही. वाटलं नाही, एवढंच. रामकुंडावर गुडघाभर पाण्यात उभं राहून मी अस्थी सोडल्या आणि डोक्यात आलं ते असं, की गुडघा सरांच्या पट्टीत नाही. घोट्यानंतर एकदम कंबर. गुरुजी म्हणाले, “दक्षिणेकडे तोंड करा,” तर मी सवयीनं कमरेचं होकायंत्र काढलं. ते धोतराबरोबर खोचून आणलं होतं, देव जाणे का. चुलतभावानं ते माझ्या हातातून घेतलं आणि खांदे धरून मला वळवलं, गोठ्यातल्या बैलाला वळवतात तसं.

घरी आत्या रोज समोर बसायची. “रड रे बाबा. मोकळा हो.” मी प्रयत्न करायचो. तोंड तसं करून पाहायचो. आत्या आईला आत जाऊन सांगायची, “पोरगं दगड झालंय.” तिला काय ठाऊक, दगडातसुद्धा काही ना काही लिहिलेलं असतं.

तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी मी फील्डला निघालो. सर म्हणाले होते, “राजे, महिनाभर राहू दे. दगड कुठं पळत नाहीत.” पण घरात सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसलेले. तेरा नाले झाले होते, शेवटचा एक राहिला होता. वडिलांनी शिवलेला शेवटचा गठ्ठा उचलला, पिंपळगावला गेलो आणि खोऱ्यातल्या कुक्षीकडे कांदा घेऊन निघालेल्या ट्रकमध्ये बसलो. ड्रायव्हर मालेगावकडचा. माझं भादरलेलं डोकं बघून त्यानं विचारलं, “कोन गयं?”

“वडील.”

पुढच्या टपरीपाशी त्यानं गाडी थांबवली. मग त्यानं मला चहा पाजला आणि स्वतःचा गमछा माझ्या डोक्याला गुंडाळला, ऊन लागू नये म्हणून. एरवी मी एसटीनं गावापर्यंत जायचो आणि नाल्याच्या तळातून वर चालत यायचो. त्या माणसानं मात्र माझ्यावर दया करून वाट वाकडी केली आणि मला थेट कड्याच्या डोक्यावरच्या रस्त्याला सोडलं. “भाऊ, नाला खालेच शे. उतरी जा.”

मी उतरलो.

पहिला थर दिसला तो गाठींची चुनखडी. गठ्ठा सोडला, वरची पिशवी घेतली. एक नंबर. नमुना फोडला, त्यावर वरच्या दिशेचा बाण कोरला, पिशवीत घातला. उतरलो. दोन नंबर. बाण, पिशवी. उतरलो. फील्ड डायरीत जाडी लिहिली, रंग लिहिला, बिळांची रुंदी लिहिली, हवा निरभ्र असं लिहिलं. नाल्याच्या तळाशी लाटांच्या खुणांचा वाळूचा दगड होता, तो अकरा नंबरच्या पिशवीत गेला. बारावी पिशवी रिकामी राहिली. प्रत्येक दगडावरचा बाण बरोबर होता. एकेक दगड सुलटा आणि सगळे मिळून उलटे. फोटोही काढले होते, पण रोल नीट चढवलाच नव्हता हे नाशकात आल्यावर स्टुडिओवाल्यानं सांगितलं. “साहेब, छत्तीसच्या छत्तीस कोरे. एवढं कोरं मी कधी धुतलं नाही.”

दगड मी द्राक्षांच्या रिकाम्या पेट्यांत रचून प्रयोगशाळेत ठेवले आणि दोन महिन्यांनी आलेख काढायला बसलो. तोवर ट्रक विसरलो होतो, कुठून उतरलो तेही. एक नंबर तळाला काढला, अकरा नंबर माथ्याला. बघतो तर समुद्र उलटा! तळाशी बुडाले, मग गळा, कंबर, आणि वर घोटा. सगळ्या खोऱ्यात समुद्र आत येत असताना माझ्या नाल्यात तो पाय काढता घेत होता.

सरांनी आलेख बराच वेळ बघितला. “तेरा ठिकाणी येतोय आणि इथंच कसा चाललाय, राजे?”

“दगड तेच सांगताहेत, सर.”

“नंबर नीट आहेत ना?”

आणि मी म्हणालो, “बाबांनी घातलेत, सर.”

सरांनी आलेख परत माझ्या हातात दिला. त्यानंतर त्यांनी नंबरांचा विषय काढला नाही. त्यांना पटलं होतं की संकोच वाटला, हे मला तेव्हा कळलं नाही. कळून घ्यायची इच्छाही नव्हती. मी उपाय शोधला. आजूबाजूचा तळ खचत असताना तेवढाच तुकडा वर उचलला जात होता, असं ठरवलं. म्हणजे टेकडी. तिला नाल्याचं नाव दिलं, तिच्या बाजूनं आठ पुरावे दिले. पुरावे द्यायला लागलं की ते मिळतात, हे मी अनुभवानं सांगतो. मला पदवी मिळाली. सरांनी माझी टेकडी परिषदांतून मांडली. लोकांनी शंका घेतल्या की सर म्हणायचे, “माझ्या विद्यार्थ्यानं मोजलंय.”

अकरा वर्षांनी मी मुलांची सहल घेऊन त्याच खोऱ्यात गेलो. सोबत रसायनशास्त्राच्या मॅडम होत्या, कारण मुली असल्या की एक शिक्षिका लागते. सहलीच्या यादीत इतर नाले होते. पण मॅडमना म्हटलं, चला, तुम्हाला माझी टेकडी दाखवतो. बसनं गावापर्यंत गेलो, तळातून नाल्यात शिरलो. आलेखाची प्रत सगळ्यांना वाटली. मी एका सपाट दगडावर बसून डब्यातले पोहे खात खात सांगू लागलो, की आपण आत्ता खोल पाण्यात आहोत, वर चढत जाल तसा समुद्र उथळ होईल.

मॅडम वरपर्यंत जाऊन घाम पुसत खाली आल्या. “अहो सर, मला तुमच्यातलं काही कळत नाही. पण मी हा कागद उलटा धरलाय का?”

“का हो?”

“असा धरला की काहीच जुळत नाही.” मग त्यांनी कागद फिरवला, डोकं खाली, पाय वर. “आणि असा धरला की सगळं जुळतं. गाठींचा पांढरा वर, शिंपले मध्ये, आणि ते लाटालाटांचं तुमच्या बुडाखाली.”

मुलं हसली. मी उठलो आणि ज्या दगडावर बसलो होतो तो बघितला. घोट्याएवढ्या पाण्याच्या लाटा, इतक्या स्वच्छ की त्यांवर पोहे सांडले होते ते ओळीत बसले होते.

मी त्या मुलांना काय सांगितलं आठवत नाही. वर चढत गेलो, एकेका थराला हात लावत. माथ्यावर रस्ता दिसला आणि ट्रक आठवला. गमछा आठवला. तेव्हासुद्धा काही वाटलं नाही. हातातला कागद नीट घडी घालून खिशात ठेवला, एवढंच.

सर तोवर निवृत्त होऊन गंगापूर रोडला राहत होते. काचबिंदूनं त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. त्या समुद्रावरचं त्यांचं पुस्तक छापायला गेलं होतं आणि मुद्रितं तपासायला मी दर रविवारी सकाळी जायचो. मी वाचायचो, सर ऐकायचे, चूक सांगायचे. सहलीहून आलो त्या रविवारी पाचवं प्रकरण संपणार होतं. सहावं माझ्या टेकडीचं.

मी गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं. सर आता त्या नाल्यात जाणार नव्हते, गेले तरी त्यांना दिसणार नव्हतं. मॅडमना मी छपाईची चूक म्हणून सांगितलं होतं, त्यांनी सौजन्यानं मानलंही. फक्त सरांच्या आयुष्याच्या एकुलत्या एका पुस्तकात, बरोबर मधोमध, माझी खोटी टेकडी राहिली असती. आणि सरांच्या पश्चात कुणीतरी तिथं जाऊन कागद उलटा धरला असता. बोलावं तर, सत्तर वर्षांच्या माणसाला सांगायचं की ज्या एका गोष्टीवर तुम्ही पंचवीस जणांशी भांडलात, ती माझी गफलत होती.

काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, चहा ठेवला. मी वाचायला लागलो. “प्रकरण सहावं.” पहिला परिच्छेद वाचला. दुसऱ्यात माझ्या कड्याबद्दल एक वाक्य होतं, ‘हा छेद अत्यंत काळजीपूर्वक मोजलेला असून’. तिथं थांबलो.

“काय झालं? अक्षर चुकलंय?”

“सर, हे सगळंच चुकलंय.”

मी सांगितलं. विनोद करून सांगायचा बेत होता, पोह्यांचा वगैरे. जमलं नाही. सरळ सांगितलं, बातम्या देतात तसं. काकू दारात उभ्या राहिल्या.

सरांनी विचारलं, “वरून उतरलास?”

“हो.”

“गधड्या.” एवढंच म्हणाले. चहा निवला. मग म्हणाले, “पिशव्या आहेत?”

“आहेत, सर.”

“आण.”

मी रिक्षा करून कॉलेजात गेलो. रविवार असल्यामुळे शिपायाला घरून उठवावं लागलं. द्राक्षांच्या दोन पेट्या सरांच्या दिवाणखान्यात आल्या तेव्हा काकू म्हणाल्या, “अहो, द्राक्षांचा सीझन कुठंय?” कुणी हसलं नाही.

सर जमिनीवर बसले. “अकरा दे.” मी अकरा नंबरचा दगड हातात दिला. त्यांनी आधी बाण चाचपला, मग दगड सुलटा धरून त्यावरून बोटं फिरवली, लाटांच्या आडवी. हात घोट्याला लावला. “दहा दे.” असं करत ते खालून वर आले. कालवांच्या शिंपल्यावर अंगठा थांबला, हात कमरेला गेला. बिळांत करंगळी घालून बघितली, हात गळ्याला. एक नंबरची चुनखडी त्यांनी गालाला लावली, गुळगुळीत आहे का बघायला, आणि हात डोक्यावर नेला.

“आला की रे समुद्र,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. आनंद होता म्हणावं, तर तसंही नाही. एखादा माणूस उशिरा घरी आल्यावर दार उघडतात, तसा आवाज.

मग कामाचं बोलले. सहावं प्रकरण काढायचं, प्रकाशक ओरडला तर ओरडू दे. मासिकाला दुरुस्ती पाठवायची, माझ्या नावानं, खाली त्यांचं. विद्यापीठाला पत्र लिहायचं, ते काय करायचं ते करतील. (विद्यापीठानं उत्तर दिलं नाही. दुरुस्ती मात्र छापून आली, अर्धं पान. माझ्या लेखनावर लोकांनी पत्रं पाठवली ती फक्त त्या अर्ध्या पानावर.)

“आणि आत्ताच्या आत्ता पिशव्यांवरचे नंबर बदल. नाहीतर पुढचा कुणी पुन्हा फसेल. अगं, रंग आहे का घरात?”

काकूंनी खिडक्यांचा पांढरा रंग आणि ब्रश आणून दिला. मी झाकण उघडलं, ब्रश बुडवला. समोर सात नंबरची पिशवी होती. मी ब्रश धरून बसलो. रंगाचा थेंब वर्तमानपत्रावर पडला. मग दुसरा.

“लावलास का?” सरांनी विचारलं. त्यांनी हात पुढे करून पिशवी ओढली आणि आकड्यावरून बोट फिरवलं. ऑइलपेंट जाड बसला होता, बोटाला लागायचा. त्यांचं बोट साताच्या शेपटीवरून पिशवीच्या टोकापर्यंत गेलं.

“हा सात कुणाचा?”

“बाबांचा.”

“ते गेले तेव्हाचंच ना हे?”

“तेरावं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशीचं.”

“डायरीत आहे?”

“नाही.”

“हवा लिहिलीस?”

“निरभ्र.”

सरांनी पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. “झाकण लाव त्या रंगाचं. पिशव्यांना हात लावू नकोस. डायरी काढ आणि त्या दिवसाच्या पानावर लिही. मोजणाऱ्याची अवस्था लिहायची असते, हे तुला पहिल्या वर्षी शिकवलं होतं.”

मी पेटीतल्या पिशव्यांखालची डायरी काढली. पान पिवळं पडलं होतं. हवा निरभ्र, त्याच्याखाली दोन बोटं जागा होती. मी लिहिलं आणि सर म्हणाले, “वाच.”

“थर क्रमांक एक सर्वांत वरचा. क्रम वरून खाली वाचावा. ट्रकनं वरच्या रस्त्याला सोडलं, तिथून उतरलो. काल तेरावं झालं.”

“कुणाचं?”

“सर?”

“वाचणाऱ्याला कसं कळणार कुणाचं? नीट लिही.”

मी ‘काल’च्या पुढं शब्द घुसवायची काकपदाची खूण काढली आणि वर ‘वडिलांचं’ असं लिहिलं. अक्षर वाकडं आलं, शाई पसरली. काकू जवळ येऊन बसल्या आणि त्यांनी पेनचं टोपण माझ्या हातातून काढून घेतलं, कारण मी ते मुठीत दाबून धरलं होतं आणि तळहातावर वळ उठला होता.

“आता वाच.”

वाचायला मला जरा वेळ लागला. सर थांबले. त्यांनी घाई केली नाही. मग मी वाचलं, आणि ते म्हणाले, “ठीक. चल, सातवं प्रकरण काढ.”